पहिला बरोबर पीस

[यंत्र पूर्ण वेगात. वरून घेतलेलं दृश्य.]

शर्टांवर स्क्रीन प्रिंटिंग करणारं हे ऑटोमॅटिक यंत्र एक घर पुढे सरकतं आणि थांबतं. पॅलेट, म्हणजे शर्ट चढवायची फळी, आणि जाळी ताणून बसवलेली फ्रेम एकमेकांना भिडतात. एका रंगाला एक हेड, आणि प्रत्येक हेडवरची स्क्वीजी, म्हणजे शाई जाळीतून दाबणारी पट्टी, आपापला रंग ओढते, फ्रेम सुटतात, यंत्र पुन्हा एक घर पुढे. एका बाजूने कोरा शर्ट चढतो आणि फेरी पूर्ण करून छापलेला उतरतो. वर्षानुवर्षं हाताने शर्ट छापणारा माणूस हे समोर उभं राहून पाहतो तेव्हा त्याची नजर तिथून हलत नाही. विक्रेता नेमका तेव्हाच सांगतो, तासाला इतके पीस.

हा आकडा खोटा नसतो. पण छोट्या दुकानाने यंत्र निवडताना तो सगळ्यात शेवटी पाहावा.

[हाताने छपाई. खांदा, कोपर आणि मनगट जवळून.]

आधी हाताचं काम बघू. चार रंगांचं डिझाइन, ३०० शर्ट. म्हणजे स्क्वीजीचे १,२०० स्ट्रोक. प्रत्येक स्ट्रोकआधी जाळीत शाई भरून घ्यायला आणखी एक हात फिरवावा लागतो. तो धरला तर २,४००. फ्रेम उचलणं, खाली आणणं, पॅलेट फिरवणं हे वेगळंच. शेवटच्या काही डझनांत खांदा भरून येतो, हाताचा दाब कमी-जास्त होतो, स्क्वीजीचा कोन बदलतो. रंगाचा थर एका शर्टावर जाड बसतो, दुसऱ्यावर पातळ.

ऑटोमॅटिक घेण्याचं पहिलं आणि खरं कारण हा खांदा आहे. यंत्राची स्क्वीजी पहिल्या शर्टावर जो दाब, जो कोन आणि जो वेग ठेवते, तोच तीनशेव्या शर्टावरही ठेवते. छापणाऱ्याचा हात मोकळा होतो आणि डोळे कामाला लागतात.

[जुन्या पद्धतीचं चार हातांचं मॅन्युअल यंत्र.]

एका खांबाभोवती फिरणारी ही मांडणी नवी नाही. अमेरिकेत मायकेल व्हॅसिलँटोन यांनी कपड्यांवर अनेक रंग छापणारं फिरतं यंत्र १९६० च्या दशकात आणलं. पेटंटसाठी त्यांनी १९६७ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मंजूर झालं. आजचं मॅन्युअल यंत्र असो की ऑटोमॅटिक, मूळ कल्पना तीच आहे. शर्ट एकदा पॅलेटवर चिकटवला की शेवटचा रंग लागेपर्यंत तो उचलायचा नाही.

[ऑर्डरची वही. पानं उलटली जातात.]

आता वहीतलं एक काम घेऊ. ३६ शर्ट, चार रंग. छोट्या दुकानाची बरीचशी कामं याच मापाची असतात. तासाला ५०० पीस काढणाऱ्या यंत्रावर हे ३६ शर्ट साडेचार मिनिटांच्या आत छापून होतात. तासाला ८०० काढणारं, बरंच महाग यंत्र घेतलं तर पावणेतीन मिनिटांत होतील. म्हणजे वाचलं जेमतेम दीड मिनिट.

पण त्याआधी चार स्क्रीन, म्हणजे एकेका रंगाचं चित्र असलेल्या जाळीच्या फ्रेम, यंत्रावर चढवून एकमेकांशी जुळवायच्या आहेत. नुसत्या नजरेने, ढकलत-सरकवत जुळवल्या आणि एका स्क्रीनला १० मिनिटं लागली तर ४० मिनिटं तिथेच गेली. हेच काम तीन टेकूंच्या जिगवर, म्हणजे फ्रेम दर वेळी एकाच जागी बसवणाऱ्या साच्यावर, केलं आणि स्क्रीनमागे अडीच मिनिटं लागली, तर १० मिनिटांत यंत्र छापायला तयार. अर्धा तास इथे वाचतो. दिवसात अशी पाच कामं असतील तर अडीच तास. यंत्राचा वेग कितीही वाढवला तरी हे अडीच तास परत मिळणार नाहीत.

[जुळणीचं दृश्य. कॅमेरा हातांवर.]

ही जुळणी आम्ही जवळून चित्रित केली आहे, कारण कॅटलॉगमध्ये ती सहसा एका ओळीत उरकलेली असते.

सुरुवात यंत्रापासून फार लांब, फिल्मपाशी होते. फिल्म म्हणजे एकेका रंगाचं चित्र काळ्यात छापलेला पारदर्शक कागद. प्रत्येक रंगाच्या फिल्मवर वर-खाली, मधोमध बारीक फुलीच्या खुणा असतात. इमल्शन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, लावून वाळवलेली फ्रेम एका पाटावर ठेवतात. पाटाला तीन टेकू आहेत, दोन एका बाजूला आणि एक शेजारच्या बाजूला. फ्रेम तिन्हींना घट्ट टेकली की ती कुठेही सरकत नाही. फिल्म पाटावरच्या रेघांशी जुळवून चिकटवायची, आणि मग एक्सपोजर, म्हणजे फिल्ममधून जाळीवर प्रकाश टाकणं. चारही फ्रेम याच तीन टेकूंना टेकवून तयार केल्या की चारही जाळ्यांवर चित्र अगदी एकाच जागी उमटतं.

आता यंत्रापाशी या. पॅलेटवर तसाच जिग बसवला आहे. तेच तीन टेकू, तेच अंतर. पहिली फ्रेम हेडमध्ये सरकवली, जिगला टेकवली, क्लॅम्प आवळले. क्लॅम्प आवळताना फ्रेम केसभर जरी हलली तरी आधीची सगळी मेहनत गेली, म्हणून क्लॅम्प कसे आवळतात हे डेमोत निरखून पाहायला हवं. फ्रेम चारी बाजूंनी सारखी दाबली जाते की एका कोपऱ्याकडे ओढली जाते? दुसरी फ्रेम, तिसरी, चौथी. मग चाचणीच्या कापडावर एक छाप. लाल रंग काळ्या रेषेबाहेर किंचित डोकावतोय. इथे मायक्रोच्या, म्हणजे फ्रेम किंचित सरकवणाऱ्या, खुंट्या लागतात. एक पुढे-मागे, एक डावी-उजवी, एक तिरपेपणासाठी. पाव वळसा, पुन्हा छाप. लाल आत गेला.

चांगल्या यंत्रात खुंटी फिरवली की फ्रेम तेवढीच हलते आणि हात काढल्यावर तिथेच राहते. हलक्या प्रतीच्या यंत्रात ती फिरवताना आधी थोडी मोकळीच फिरते, फ्रेम जागची हलत नाही, आणि मग एकदम उडी मारते. हा फरक कागदावर कुठेच लिहिलेला नसतो. तो फक्त बोटांना कळतो, म्हणून खुंटी स्वतः फिरवून पाहावी.

[जाळीवर ठेवलेला ताणमापक.]

आणि तरीही रंग जुळत नसतील तर दोष जाळीत शोधावा. जाळीचा ताण सेंटीमीटरला न्यूटनमध्ये मोजतात. नव्या, नीट ताणलेल्या जाळीत हा आकडा २५ च्या आसपास असतो. एका फ्रेमचा २५ आणि दुसरीचा १४ असेल तर सैल जाळी स्क्वीजीबरोबर पुढे ओढली जाते आणि तिच्यावरचं चित्र शर्टावर थोडं लांबून उतरतं. खुंट्या कितीही फिरवल्या तरी एका टोकाला जुळेल आणि दुसऱ्या टोकाला निसटेल. हाताने छापताना हात ही सैल जाळी सांभाळून घेतो, पण यंत्र तसं करत नाही.

फ्रेमचा मुद्दा इथेच सांगून टाकायला हवा, कारण खरेदीच्या हिशेबात तो हमखास राहून जातो. मॅन्युअलवर सर्रास २० बाय २४ इंची फ्रेम चालते. बहुतेक ऑटोमॅटिकना २३ बाय ३१ इंची लागते, कारण स्क्वीजीला दोन्ही टोकांना थांबायला जागा हवी. म्हणजे आहेत त्या फ्रेम बाजूला गेल्या. मोठी फ्रेम एक्सपोजरच्या काचेवर मावते का? धुण्याच्या टाकीत मावते का? वाळवायच्या कपाटात? इमल्शन लावायची पन्हाळी तेवढी रुंद आहे का? यंत्राच्या किमतीत हे सगळं मिळवल्याशिवाय तुलना करू नये.

[काळा शर्ट पॅलेटवर. पांढरा बेस पडतो.]

आता काळा शर्ट. गडद कापडावर रंग उठून दिसायला खाली पांढरा बेस, म्हणजे पांढऱ्या शाईचा थर, लागतो. बेस पडला की त्यावर फ्लॅश, म्हणजे शाई तापवणारा हीटर, येतो आणि काही सेकंदांत शाई वरून आवळली जाते. ती पूर्ण पक्की झालेली नसते, पण बोटाला लागत नाही. लगेच पुढचा रंग टाकला तर गरम बेस वरच्या जाळीला चिकटतो आणि तापलेला पॅलेट जाळीतली शाईच घट्ट करू लागतो. म्हणून फ्लॅशनंतर एक घर रिकामं सोडतात, थंड व्हायला.

आता मोजा. शर्ट चढवायला एक घर, उतरवायला एक. बेसला एक, फ्लॅशला एक, थंड व्हायला एक. पाच घरं इथेच संपली. आठ स्टेशनच्या, म्हणजे आठ घरांच्या, यंत्रात उरली तीन. कॅटलॉगमध्ये "सहा रंग" लिहिलेलं हेच यंत्र काळ्या शर्टावर आरामात तीन रंग देतं. काही यंत्रांत शर्ट दोन फेऱ्या मारून उतरवण्याची सोय असते. तिने रंग वाढतात, पण तासाचे पीस निम्मे होतात. वहीतली गेल्या सहा महिन्यांची कामं काढा आणि गडद शर्टांवर किती रंग लागले तेवढंच पाहा. सहा हेडचं घ्यायचं की आठ किंवा दहाचं, हे तिथे ठरतं. माझं मत विचाराल तर, पैसा वेगाऐवजी एका जास्तीच्या हेडवर घालवावा.

[ड्रायरच्या पट्ट्यावर शर्ट सरकत जातात.]

यंत्रातून उतरलेला शर्ट ओलाच असतो. प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकवर आधारलेली शाई, हवेवर वाळत नाही. साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तिचा पूर्ण थर तापावा लागतो, नुसता वरचा पापुद्रा तापून चालत नाही. समजा ड्रायरची भट्टी ६ फूट लांब आहे आणि शर्टाला आत एक मिनिट हवं. म्हणजे पट्टा मिनिटाला ६ फूट चालणार. एक शर्ट अडीच फूट जागा घेतो, म्हणून एका रांगेत तासाला १४४ शर्ट. पट्टा रुंद असेल आणि दोन रांगा मावल्या तर २८८. पाण्याच्या शाईला दोन मिनिटं लागली तर पुन्हा १४४.

म्हणजे ५०० चं यंत्र या ड्रायरसमोर उभं केलं तर ते बहुतांश वेळ ड्रायरची वाट पाहणार. नाहीतर कोणीतरी पट्ट्याचा वेग वाढवेल, शाई अर्धीकच्ची बाहेर पडेल आणि पहिल्या काही धुण्यांत चित्राला तडे जातील.

[शर्ट चढवणारे हात.]

आणि हा वेग शेवटी माणसाच्या हातावरच आहे. शर्ट उचलून पॅलेटवर ओढायचा, गळा मधोमध आणायचा, सुरकुती काढायची. आठ सेकंदांत हे जमणारा हात चांगला तयार म्हणावा लागेल, आणि तोही तासाला ४५० च्या पुढे जात नाही. म्हणून पॅलेटची उंची महत्त्वाची आहे. दिवसभर वाकून शर्ट चढवावे लागले तर खांद्याचं दुखणं कमरेत येईल. डेमोला जाताना जो माणूस रोज तिथे उभा राहणार आहे त्याला बरोबर न्यावं आणि शर्ट त्यालाच चढवू द्यावेत.

[कॉम्प्रेसर, नळ्या, हवेचा ड्रायर.]

हवा आणि वीज. स्क्वीजी हवेवर चालत असतील तर कॉम्प्रेसर हवेचा पुरवठा किती करतो ते पाहायचं, नुसती अश्वशक्ती पाहून भागत नाही. पुरवठा कमी पडला की दाब उतरतो आणि स्ट्रोकचा वेग बदलतो. हवेतलं पाणी काढणारा ड्रायर हवाच, नाहीतर ओलावा व्हॉल्व्ह आणि सिलिंडर खातो. विजेवर चालणारे हेड महाग, पण त्यांना हवा कमी लागते. काही यंत्रं सिंगल फेजवर चालतात, मोठ्यांना थ्री फेज लागतो. आगाऊ रक्कम देण्याआधी जागेतलं कनेक्शन, दरवाजाची रुंदी आणि जमिनीची पातळी मोजून घ्यावी. कर्जाचे हप्ते आणि यंत्र बंद पडलेले दिवस हेही त्याच हिशेबात धरायचे. दुरुस्तीला कोण येतो, किती दिवसांत येतो आणि व्हॉल्व्ह, सेन्सर, सिलिंडरचे सील त्याच्याकडे असतात का, हे लेखी घ्या.

[वापरलेलं यंत्र. पॅलेटवर सरळ पट्टी ठेवलेली.]

वापरलेलं यंत्र घेणार असाल तर एक चाचणी पुरेशी बोलकी आहे. बारीक रेषांचं दोन रंगांचं डिझाइन प्रत्येक पॅलेटवर एकदा छापायचं. सगळ्या पॅलेटवर रेषा सारख्याच जुळल्या तर सांगाडा ठीक आहे. सगळीकडे सारख्याच चुकल्या तर सेटिंग बदलून भागेल. पण तिसऱ्या पॅलेटवर डावीकडे आणि सहाव्यावर उजवीकडे गेल्या, तर एकतर ते पॅलेट वाकलेत किंवा फिरवणारी यंत्रणा झिजली आहे. किंमत कितीही खाली आली तरी असं यंत्र घेऊ नये.

[डेमो. स्क्रीन रॅकमधून बाहेर येतात.]

डेमोला जाताना काम आपलं न्यावं. आपला काळा शर्ट, आपली शाई, आपल्या वहीतलं नेहमीचं चार रंगांचं डिझाइन. विक्रेत्याकडे स्क्रीन आधीच जुळवून ठेवलेल्या असतील तर त्या उतरवायला सांगा. घड्याळ तिथून सुरू करा आणि पहिला बरोबर पीस हातात आला की थांबवा. मग त्याच यंत्रावर दुसरं काम चढवायला सांगा, घड्याळ पुन्हा सुरू करा आणि या खेपेला क्लॅम्प, खुंट्या, जिग सगळं आपल्या माणसाच्या हातात द्या. विक्रेत्याच्या माणसाला १० मिनिटं लागली आणि आपल्याला २५, तर दुकानात यंत्र २५ मिनिटांचं असणार आहे. हिशेब त्याच आकड्यावर मांडावा.