बाळाचं वजन केलं, आईला विचारलं का?

नमस्कार, श्रोतेहो. यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आधी नर्सबाई आणि मग आरोग्य सहायिका म्हणून माझी 29 वर्षं गेली. आज मला एका घराबद्दल सांगायचं आहे.

कापूस वेचणीचे दिवस होते. घरात धाकटी सून बाळंतीण. पहिली मुलगी, ही दुसरीही मुलगीच. आशाताईसोबत मी गेले तो 14वा दिवस. बाळाला झोळीत घालून काट्याला लावलं, ताप पाहिला, नाळ पाहिली, कागद भरला. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेली. बाजेखालच्या शेगडीतली राख थंड, उशाशी मेथीचा लाडू तसाच, त्याला मुंग्या लागलेल्या. सासू म्हणाली, "काही नाही होय बाई, आळस भरला इच्या आंगात. लेकरू रडून रायलं तरी हे हालत नाही." मी म्हटलं, "खात जा वं, नाहीतर दूध कसं येईल?" आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

त्या लाडवावरच्या मुंग्या मला आजही दिसतात. सगळं समोर होतं आणि मी फक्त बाळाकडे पाहिलं.

पुढे 28व्या दिवशी आशाताई एकटीच गेली आणि बाजेच्या काठावर बसली. तेव्हा ती पोरगी बोलली, "ताई, लेकराकडे पायते, पन मायाच येत नाही. रात्रभर डोळा लागत नाही. मी नसली तं यायले बरं होईन."

मायबहिणींनो, हा आळस नाही, नखरा नाही, बाहेरची बाधाही नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ बायकांना होतं, ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, जेवण-खाण, बोलणं-चालणं नकोसं झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. पुष्कळदा ते पोटुशी असतानाच सुरू झालेलं असतं. आपल्याकडची बाई "मी उदास आहे" असं म्हणत नाही. ती म्हणते, जीव घाबरते, डोकं जड वाटते, मन लागत नाही.

भारतात झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर साधारण 22 टक्के आयांना नैराश्य, म्हणजे पाचात एक. गोव्यातल्या 2002च्या अभ्यासात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि आधीची मुलगी असताना पुन्हा मुलगीच होणं ही कारणं दिसली होती. ऐकताना आपल्याच गावातली दोन-चार घरं डोळ्यांसमोर आली असतील.

आता मला खरं म्हणायचं आहे ते. घरोघरी जाऊन नवजात बाळाला जपायची रीत आपल्याच गडचिरोलीत उभी राहिली. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत शिकवून तयार केलेल्या गावच्याच बायकांनी नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 2011पासून तीच रीत देशभर आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. दार उघडलेलं आहे, माणूस घरात आलेलं आहे. मग त्याच भेटीत आईशी पाच मिनिटं बोलणं का होऊ नये? सासूला "जरा चहा ठेवता का" म्हणून आत पाठवावं आणि हळूच विचारावं: गेल्या पंधरा दिवसांत मन खचल्यासारखं झालं का? कशातच गोडी वाटत नाही का? जीव द्यावासा वाटतो का? हे विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, बाई मोकळी होते.

पण नुसतं विचारून भागत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना बोलून धीर द्यायची पद्धत शिकवली. पोटुशी असतानाच नैराश्य आलेल्या बायकांसाठी ती होती. 2008 साली निष्कर्ष आले: बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी या सेविकांकडच्या आयांत नैराश्य 23 टक्के, बाकीच्यांत 53 टक्के. या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, आपल्या आशांसारख्याच गावातल्या बायका होत्या. आपल्या आशांनाही असं शिक्षण आणि त्या कामाचा वेगळा मोबदला मिळायला हवा. आधीच त्यांच्या डोक्यावर कागदांचा डोंगर आहे.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. पोटुशी सासरी, बाळंतपण माहेरी, मग बाळ घेऊन पुन्हा सासरी. तिला ओळखणारी आशा प्रत्येक वेळी वेगळी. माता-बाल कार्डावर लसी लिहितो, तसं आईच्या मनाचंही दोन ओळी लिहा, आणि एका आशेनं दुसरीला फोन करा. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, तिथेही डॉक्टरांना मनातलं सांगा.

औषधाची भीती बाळगू नका. अंगावर पाजतानाही घेता येतील अशा गोळ्या असतात, त्या डॉक्टर ठरवतील. आधीपासून गोळ्या चालू असतील तर दिवस गेले म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. बाळंतीण अचानक असंबद्ध बोलू लागली, झोपेशिवाय फिरू लागली, भास होऊ लागले, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मरणाचं बोलत असेल तर तिला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत. पुन्हा सांगते, 14416.

त्या पोरीला नवऱ्यानं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. गोळ्या आणि बोलणं, दोन्ही चाललं. मी सासूला समजावलं, तशी ती रात्री लेकरू आपल्या कुशीत घेऊ लागली, फक्त पाजायपुरतं सुनेला उठवायची. होळीच्या आधी मी गेले तर पोरगी अंगणात तूर पाखडत होती, बाळ मांडीवर. मला म्हणाली, "बाई, इचं बारसं राहूनच गेलं होतं. येत्या सोमवारी हाय. तुमी या."