एकाच भिंतीचे तीन रंग

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांनी नव्यानं फोटो स्टुडिओ थाटलाय, किंवा घरातल्याच एका खोलीत पोर्ट्रेट काढायला घेतलंय, त्यांच्याशी आज बोलायचंय.

रंगीबेरंगी पडदे विकत घ्यायची घाई करू नका. साधी पांढरी भिंत फोटोत पांढरी येते, राखाडी येते, जवळजवळ काळीसुद्धा येते. सगळा खेळ अंतराचा.

लाईटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पाव उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. समजा, सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढरं कापड लावलेल्या पेटीतला मऊ उजेडाचा लाईट, समोरून चेहऱ्यापासून ३ फुटांवर आहे आणि माणूस भिंतीच्या ६ फूट पुढे बसलाय. लाईटपासून भिंत झाली ९ फूट. उजेड निम्मा किंवा दुप्पट झाला की एक स्टॉपचा फरक. म्हणजे इथं भिंतीवर चेहऱ्यापेक्षा तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी उजेड. चुना दिलेली भिंतही गडद राखाडी दिसणार.

हे एवढ्या आग्रहानं सांगतोय ते आपल्या आज्जांसाठी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, धोतर. असा माणूस पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे बसवला की टोपीची कड भिंतीत विरघळते. आणि हाच फोटो पुढे घरात कायमचा लागणार असतो! राखाडीवर बघा, टोपीची घडी न् घडी दिसते.

आज्जी गडद इरकल नेसून आली, तर उलटं करा. छोटा लाईट तिच्या पाठीमागे, खांद्याखाली लपवून भिंतीकडे वळवा. मागं उजळ गोल पडतो, कडेला विरत जातो, आणि पदर मागच्या काळोखातून सुटा होतो.

पासपोर्टसाठी शुभ्रच लागतं. तिथं दोन बाजूंनी दोन लाईट, प्रत्येकाचा रोख भिंतीच्या पलीकडच्या अर्ध्यावर. चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप जास्त पुरे. त्याहून वाढवलंत तर भिंत उजेड परत फेकते आणि कानांच्या, केसांच्या कडा खाऊन टाकते.

खोली लहान आहे? लाईट चेहऱ्यापासून २ फुटांवर घ्या, भिंत माणसाच्या मागे ४ फुटांवर ठेवा, हिशोब तोच राहतो. फक्त अशा खोलीत बाजूच्या भिंतींवरून उडालेला उजेड मागं जाऊन राखाडी फिकी करतो. त्या भिंतींवर काळं घोंगडं टांगा. लोकर उजेड पिऊन टाकते.