नऊशे पन्नास डॉलरची रेषा

दुकानचोरीच्या भीतीने कॅलिफोर्नियातील अनेक दुकानांत आज दाढीची पातीसुद्धा कुलूपबंद कपाटात ठेवलेली दिसतात. ग्राहकाने बटण दाबायचे, किल्ली घेऊन कर्मचारी येण्याची वाट पाहायची आणि कोणी आलेच नाही तर तसेच परत फिरायचे.

थोडे मागे जाऊ. राज्यातील तुरुंग इतके भरले होते, की कैद्यांची संख्या घटवण्याचा आदेश अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केला. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव ४७ ने ९५० डॉलरपर्यंतची दुकानातील चोरी किरकोळ गुन्हा ठरवली आणि तुरुंगखर्चातील बचत मुख्यतः मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे वळवली. ही मर्यादा चोरांना मोकळे रान देते, असा आरोप होत राहिला. परंतु टेक्साससारख्या कडक समजल्या जाणाऱ्या राज्यातही ती २,५०० डॉलर आहे, हे त्या वादात फारसे कोणी सांगत नाही.

आमच्या मते खरी त्रुटी अटकेच्या आणि चोऱ्यांची एकूण किंमत मोजण्याच्या नियमांत होती. किरकोळ गुन्हा पोलिसांच्या डोळ्यांदेखत घडलेला नसेल, तर वॉरंटशिवाय अटक करणे त्यांना सहसा शक्य नसे. शिवाय चोरीचा माल घाऊक साठवून विकणाऱ्यापर्यंत कायद्याचा हात क्वचितच पोहोचे. ऑगस्ट २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यांनी नेमके येथेच बोट ठेवले. सबळ कारण असल्यास, पोलिसांनी स्वतः न पाहिलेल्या दुकानचोरीतही अटक करता येऊ लागली. वेगवेगळ्या काउंटींतील (म्हणजे राज्यातील जिल्ह्यांतील) चोऱ्यांची किंमत एकत्र मोजण्याची वाट मोकळी झाली. आणि ९५० डॉलरहून अधिक किमतीचा चोरीचा माल विक्रीच्या हेतूने बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. चोरीमागचा पैसा विक्रीतून येतो, म्हणून या शेवटच्या तरतुदीला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो.

मतदारांना एवढ्याने समाधान वाटले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी प्रस्ताव ३६ स्वीकारला, आणि चोरीच्या दोन शिक्षा आधी झालेल्या व्यक्तीची पुढची चोरी, माल कितीही स्वस्त असला तरी, गंभीर गुन्हा म्हणून चालवण्याची मुभा मिळाली. याच प्रस्तावाने वारंवार अमली पदार्थांसह सापडणाऱ्यांसाठी शिक्षेऐवजी उपचारांचा मार्गही ठेवला आहे. मात्र त्यासाठी प्रस्तावाने स्वतंत्र निधी दिलेला नाही, आणि तुरुंगवास वाढला की प्रस्ताव ४७ ची जी बचत घटते, तीच आजवर उपचारांना पैसा पुरवत आली आहे.