एकटा माग चालत नाही

[दृश्य : पूर्व भागातला कारखाना, टॉवेलचे माग सुरू]

सोलापूरच्या पूर्व भागात शिरलं की आधी आवाज ऐकू येतो. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, मार खाऊन परत येतो. त्यातली धागा गुंडाळलेली कांडी संपली की कामगार माग थांबवतो, नवी कांडी घालतो, माग पुन्हा सुरू करतो. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, आणि त्यातला बराच माल अजून याच साध्या मागांवर निघतो.

रेपिअर या नव्या पद्धतीच्या मागाला धोटाच नसतो. आडवा धागा थेट कोनावरून, म्हणजे सुताच्या मोठ्या शंकूवरून येतो, वेग दुपटीच्या पुढे. मग सगळ्यांनीच तो का घेतला नाही? ‘कारखानदार जुन्या वळणाचे,’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. त्यांचा हिशोब पक्का आहे.

[दृश्य : कोनावरचा धागा, जवळून]

धाग्यातली ही गाठ बघा. साध्या मागावर ती बहुतेक वेळा निभावून जाते. रेपिअरच्या वेगात धागा इथेच तुटायचा. माग आपोआप थांबतो, बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून बिनगाठीचं सूत हवं, आणि ते महाग. बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, एकसारख्या ताणाने गुंडाळलेला हवा. वीज झटके न देता यायला हवी, कारण या मागात तो चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. साध्या मागाचा मोडलेला भाग जवळच्या लेथवर करून मिळतो, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, येऊन बसवतो. कार्ड गेलं तर बाहेरगावच्या मेकॅनिकची वाट बघायची.

कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं. पहिला घेणारा हा सगळा भार एकटा सोसतो. पन्नास जणांनी घेतले तर मेकॅनिक इथेच दुकान थाटेल, सूतवालाही तसा माल ठेवेल. पण कारखानदार मेकॅनिकची वाट बघतो आणि मेकॅनिक गिऱ्हाइकांची.

अमेरिकेतही असंच घडलं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं; कारखान्यांची उत्पादकता उसळली ती १९२० च्या दशकात. पॉल डेव्हिड या अर्थ-इतिहासकाराने १९९० मध्ये याचं कारण उलगडलं. जुने कारखाने वाफेच्या एकाच इंजिनाभोवती, पट्ट्यांनी फिरणाऱ्या लांब दांड्याभोवती बांधलेले होते. इंजिनाच्या जागी मोटर बसवून भागेना. यंत्रागणिक मोटर, नवी मांडणी, नव्या इमारती, हे सगळं व्हायला चाळीस वर्षं गेली.

आपल्याकडे १९९९ पासून केंद्राच्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने यंत्रखरेदीला हात दिला. २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत सूत बँक आणि सामाईक सुविधा केंद्रं आली. छोट्या कारखानदाराला मला हीच जास्त मोलाची वाटतात: घाऊक भावाचं सूत एकत्र घेता येतं, एकट्याला न परवडणारी सोय दहा जणांत वाटली जाते.

[दृश्य : कांड्या भरणाऱ्या बायका]

रेपिअर आला की कांडी भरण्याचं काम संपतं. ते बहुतांशी बायकांच्या हातात आहे. जॉबरला नवं प्रशिक्षण आणि या बायकांना दुसरं काम, हे दोन्ही खर्च यंत्राच्या कर्जाच्या अर्जातच धरले गेले पाहिजेत.