बीडच्या संजय बांगरच्या 68 धावा

श्रोतेहो, नमस्कार. बीड शहरात रेल्वेगाडी आली 2025 च्या मुक्तिसंग्राम दिनी. पण बीडमध्येच जन्मलेला संजय बांगर 1993-94 पासून रेल्वेच्या संघाकडून रणजी खेळत होता. महाराष्ट्र आणि मुंबईच्या मोठ्या संघांत जागा मिळाली नाही, रेल्वेनं घेतलं. फलंदाजी आणि जोडीला मध्यमगती गोलंदाजी.

कसोटीची टोपी मिळाली डिसेंबर 2001 मध्ये, मोहालीत इंग्लंडविरुद्ध. वय तेव्हा 29. पुढच्याच कसोटीत, नागपूरला झिंबाब्वेविरुद्ध, सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद शतक.

पण मला सांगायचंय ते लीड्सच्या हेडिंग्लेबद्दल. ऑगस्ट 2002. आभाळ भरून आलेलं, खेळपट्टी हिरवी, आणि गांगुलीनं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतलेली. सेहवाग लवकर गेला. समोर होता बांगर, एरवी खालच्या क्रमांकाचा, त्या दिवशी सलामीला. आपल्याकडं मुरमाड मैदानावर ज्यांनी बॅट हातात धरली आहे, त्यांना ठाऊक आहे की चेंडू सोडून देणं किती जीवावर येतं. बांगर सोडत राहिला, अंगावर घेत राहिला. 236 चेंडू, 68 धावा. द्रविडसोबत 170 ची भागीदारी. तो बाद झाला तेव्हा फलकावर 185 लागले होते आणि नव्या चेंडूची धार पार गेली होती.

पुढं द्रविड 148, सचिन 193, गांगुली 128. ही तीन शतकं सगळ्यांच्या तोंडी आहेत. भारतानं 8 बाद 628 केल्या आणि सामना डाव व 46 धावांनी जिंकला. माझ्या लेखी त्या विजयाचा पाया बांगरनं घातला. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात त्यानं दोन बळीही घेतले.

त्याच वर्षी अहमदाबादला वेस्ट इंडिजच्या 324 चा पाठलाग करताना त्यानं नाबाद 57 केल्या. पण डिसेंबरात न्यूझीलंडच्या ओल्या खेळपट्ट्यांवर आपली सगळीच फलंदाजी कोसळली, आणि त्याला पुन्हा कसोटी मिळाली नाही. 2003 च्या विश्वचषक संघात नाव होतं. जानेवारी 2004 मध्ये शेवटचा एकदिवसीय सामना. एकूण 12 कसोटी, 15 वनडे.

तो रेल्वेकडं परतला. 2004-05 मध्ये रेल्वेनं रणजी करंडक पुन्हा जिंकला. बांगर 2013 मध्ये थांबला, तेव्हा प्रथम श्रेणीत त्याच्या नावावर आठ हजारांहून जास्त धावा आणि 300 बळी होते.