उरले शेवटी लावी तुका

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छोट्या कविमंडळाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. बोलण्याचा सूर ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

मित्रहो, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या काकू,

गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या नावानं जमलेली रक्कम बँकेत मुदतठेवीत आहे आणि तिचं काय करायचं यावरून आपल्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, अर्धपुतळा करा, समग्र कविता जाड पुठ्ठ्यात काढा. दुसरा म्हणतो, गेलेल्या माणसावर किती खर्च करणार, त्यापेक्षा नव्या पोरांचे संग्रह छापा. अध्यक्षांनी मला मघाशी चहा पिताना सांगितलं, 'दोघांनाही बरं वाटेल असं काहीतरी बोला.' ते मला साधेल असं वाटत नाही. चहा चांगला होता.

हा तंटा काही आपणच काढलेला नाही. इथून तासाभरावर देहू आहे. तिथल्या एका वाण्यानं साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की आपण कवी कसे झालो. 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥ सांगितलें काम करावें कवित्व.' नामदेव तुकोबांच्या आधी तीनशे वर्षं होऊन गेलेले. ते स्वप्नात येतात, पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात आणि काय देतात? आशीर्वाद नाही, शाल-श्रीफळ नाही. काम देतात. शब्दच तो आहे, 'काम'. आणि तुका ऐकतोय ना याची खात्री म्हणून विठ्ठल थापटून सावध करतो, जसं आपण पेंगणाऱ्या पोराला करतो. मग हिशेब येतो: 'प्रमाणाची संख्या सांगे शत कोटी । उरले शेवटीं लावी तुका.' नामदेवांनी शंभर कोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा झाला नाही. जे उरलंय ते तू शेवटाला ने.

अहो, कवीचा वारसा म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या परिसंवादात ऐकायला मिळालेली नाही, आणि परिसंवाद मी पुष्कळ ऐकलेत. वारसा म्हणजे उरलेलं काम. ते ज्याच्या गळ्यात पडतं तो नवा कवी. मग जुन्यावर खर्च करायचा की नव्यावर, हा वाद कुठं राहतो?

पण थांबा, दुसरी बाजूही आपल्याच परंपरेत आहे आणि तीही तितकीच कडक आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण नकला होता होता पाठ बिघडले होते. नाथ स्वतः केवढे कवी! मनात आणलं असतं तर दोन-चारशे ओव्या सहज मिसळल्या असत्या, कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी काम संपवलं आणि दारावर पाटी लावली: जो ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालील त्यानं 'अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली'. अमृताच्या ताटात करवंटी! आणि हेच नाथ स्वतःची भारुडं लिहितात, भागवत लिहितात. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही, आपलं ताट आपण वाढून घ्यायचं.

मला आज जे सांगायचंय ते या दोन ओळींच्या मध्ये आहे. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशीलच बोलू या, कारण गेली दोन वर्षं मी त्यातच बुडालोय.

काकूंनी माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक दिली. गुरुजींचे दोन संग्रह आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत, पातळसे. ट्रंकेत निघाल्या एकतीस वह्या, दोन पिशव्या सुटे कागद, आणि एक पुठ्ठ्याचा अल्बम, ज्यात एका हितचिंतकानं छापून आलेल्या कवितांची कात्रणं डिंकानं चिकटवली होती. हितचिंतकाबद्दल मी वाईट बोलणार नाही, ते आज सभागृहात आहेत. पण कृपा करा आणि पुढच्या कुठल्याही कवीच्या कागदांना डिंक लावू नका. सेलोटेप तर नकोच. टेप दहा-पंधरा वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि आपला तेलकट डाग अक्षरांवर ठेवून जाते. लॅमिनेशन म्हणजे कागदाला जिवंत पुरणं, ते परत निघत नाही. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, त्या आधी काढा. वर्तमानपत्राचा कागद स्वतःच्याच आम्लानं तपकिरी होऊन तुटतो, म्हणून कात्रण हस्तलिखिताला चिकटून ठेवू नका. त्याचा रोग याला लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पुण्याच्या पावसाळ्याची ओल कोंडते आणि बुरशी धरते. सुती कापडात बांधलेलं बाड बरं. आपल्या आज्यांना हे कळत होतं, पोथ्या त्या बासनातच ठेवायच्या.

आणि कागदाची मागची बाजू टाकून देऊ नका. गुरुजी काटकसरी. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांवर, विजेच्या बिलावर लिहायचे. कवितेवर तारीख घालायची सवय नव्हती. पण बिलावर तारीख असतेच. तीन कवितांचा काळ मी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या कृपेनं ठरवला.

जे लिहिलं जात नाही त्याचं काय होतं, ते बहिणाबाईंकडे बघा. लिहिता येत नव्हतं. जात्यावर बसून, शेतात काम करताना त्या गाणी रचत गेल्या. घरातल्या मुलांनी जेवढं टिपलं तेवढं राहिलं, बाकीचं त्यांच्याबरोबर गेलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. सोपानदेवांनी भीतभीत ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी, नाव झालेले, आणि आईची वही दाखवायला संकोच! केशवसुत १९०५ मध्ये प्लेगनं गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. त्यांच्या कवितांचं पुस्तक हरिभाऊ आपट्यांनी काढलं ते १९१७ साली. ज्याला आपण आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतो त्याला आपल्या कवितांचं पुस्तक हातात धरायला मिळालं नाही. आणि आपल्या पुण्यातच बघा. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' १८५४ चा. त्यांचं समग्र वाङ्मय एकत्र बांधलेलं यायला १९८८ उजाडलं. एकशे चौतीस वर्षं.

सावित्रीबाईंवरून एक सांगतो. त्यांच्या संग्रहानंतर वर्षभरातच, १८५५ मध्ये, 'ज्ञानोदया'त फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखावर. वय चौदाच्या आसपास. तो निबंध आजही वाचताना अंगावर येतो. शिकवणारी बाई स्वतः कविता लिहिते, छापते, आणि तिच्या शाळेतली मुलगी तिच्यासारखी फुलांची कविता न लिहिता सरळ धर्मालाच जाब विचारते. बाईंचं अनुकरण नाही, पण बाई नसत्या तर हे झालंही नसतं.

आता नव्यांना उत्तेजन म्हणजे आपण काय करतो ते बघू. संमेलन ठेवतो. मान्यवरांच्या कविता आधी होतात, सत्कार होतात, सत्काराला उत्तरं होतात. रात्री साडेदहाला सूत्रसंचालक म्हणतो, 'आता नवोदित.' तोवर मंडपवाला खुर्च्या दुमडायला लागलेला असतो. 'एकच वाचा, आणि छोटी.' पोरगं हडपसरहून दोन बस बदलून आलेलं असतं. घाईघाईत वाचतं, चार जण 'वाहवा' म्हणतात, प्रशस्तिपत्रक मिळतं आणि शेवटची बस चुकते. याला मी उत्तेजन म्हणत नाही. ही हजेरी झाली.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. तिथं सतरा वर्षांच्या एका मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण पदवी द्यायला खर्च येत नाही. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. रेव्हरंड टिळकांनी आणि लक्ष्मीबाईंनी त्याला घरात ठेवून घेतलं, मुलासारखं. त्याचे रुसवे काढले, जेवायला वाढलं. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ मध्ये खांडेकरांनी स्वतः काढला. एका कादंबरीकारानं एका तरुण कवीसाठी आपला खिसा उघडला. आणि सुरेश भट! साहित्य परिषदेच्या ज्या सभागृहात आपण कार्यक्रमांना जातो ते माधवराव पटवर्धनांच्या नावाचं आहे, म्हणजे माधव जूलियनांच्या. त्यांनी फारसीतून गझल मराठीत आणली, वृत्तांचा अख्खा शास्त्रग्रंथ लिहिला. ते १९३९ मध्ये गेले, तेव्हा अमरावतीत भट सात वर्षांचे होते. भटांनी पुढं गझल आपल्या बोलीत पेरली आणि 'गझलेची बाराखडी' नावाची छोटी पुस्तिका काढून नव्या मुलांना वाटली. पोस्टानं आलेल्या गझला दुरुस्त करून परत पाठवल्या. कुठं मात्रा चुकली, कुठं काफिया, म्हणजे यमक, सुटला, शेर का पडला, हे सगळं सांगून. नव्या कवीला टाळ्यांपेक्षा असा एक माणूस लागतो, जो त्याची ओळ दुसऱ्यांदा वाचेल.

याच कारणानं, खरं सांगतो, मला गुरुजींच्या वह्या छापील संग्रहांपेक्षा मोलाच्या वाटतात. मागच्या वर्षी आपल्याकडे येणारी एक मुलगी, आयटीत नोकरी करते, शनिवारी माझ्याबरोबर वह्यांचे फोटो काढायला बसायची. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, प्रत्येक फाइलला वही आणि पान यांचा क्रमांक. एके दिवशी ती थांबली. गुरुजींची ती पावसावरची कविता, जी तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तिच्या पहिल्या ओळीत त्यांनी 'ओल' लिहिलं होतं. खोडून 'ओढ'. मग 'आस'. मग पुन्हा 'ओल', आणि शेजारी समासात: 'उगाच फिरलो.' ती म्हणाली, 'काका, यांनाही जमत नव्हतं?' मी म्हटलं, नऊ महिने जमत नव्हतं, वहीवरून दिसतंय. त्यानंतर तिच्या कवितांत खाडाखोड यायला लागली. आधी ती थेट मोबाइलवर लिहायची आणि बदललेलं पुसून जायचं. आता कागदावर लिहिते, तीन-चार खर्डे होतात. छापील पुस्तकातून हे तिला कधी कळलं नसतं, कारण पुस्तकात कवी नेहमी पहिल्या झटक्यात बरोबर असतो.

मध्यंतरी एक सूचना आली. शेवटच्या वहीत एक कविता अर्धी आहे, सात ओळी आणि खाली कोरं पान. स्पर्धा ठेवू, 'गुरुजींची अपुरी कविता पूर्ण करा', पहिलं बक्षीस पाच हजार. सुचवणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण मी कडाडून विरोध केला आणि आजही करतो. ती नरोटी आहे. उरलेलं काम म्हणजे त्यांच्या सात ओळींना आपलं ठिगळ लावणं नव्हे. तुकोबांनी नामदेवांचा अर्धा राहिलेला अभंग पुरा केला नाही. स्वतःचे लिहिले आणि प्रत्येकाखाली 'तुका म्हणे' अशी आपली मुद्रा घातली. नामदेवांचं देणं फेडताना सही मात्र तुक्याची. ते कोरं पान कोरंच राहू द्या, त्याचाही फोटो काढलाय.

तर ठेवीचं. पुतळा नको. पुतळ्याला हार एकदा पडतो, धूळ वर्षभर. समग्र कविता काढायची, पण पाठभेदांसह, आणि शे-दीडशे प्रतींपुरती. त्याआधी काकूंची आणि दोन्ही मुलांची लेखी परवानगी घेऊन ठेवू. कवी गेल्यावर पुढची साठ वर्षं हक्क वारसांचा असतो, आणि आज सगळे एकमेकांशी बोलतायत तोवरच कागद करून ठेवलेला बरा. काकू, हसू नका, मी घरंच्या घरं बघितलीत. उरलेल्या व्याजातून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नव्या मुलांनी आपले खर्डे घेऊन यायचं. एका बैठकीत फक्त दोघांच्या कविता. दोघांच्याच, पण ओळ न् ओळ. लांबून येणाऱ्याला जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं. सत्कार नाहीत.

आणि एक अडचण आहे. एकोणिसाव्या वहीत गुरुजींनी पेन्सिलीनं लिहिलंय, ते फिकं झालंय. माझ्या डोळ्यांना तिरप्या उजेडातसुद्धा लागत नाही. इथं गुरुजींचे जुने विद्यार्थी बसलेत, ज्यांनी त्यांचं फळ्यावरचं अक्षर वर्षानुवर्षं वाचलंय. येत्या शनिवारी चारला माझ्याकडे या. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वाचायचा चष्मा विसरू नका.