बेशुद्ध रुग्णाची वेदना

दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार लागलेला हा रुग्ण अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहे. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या, शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर ३ ते १५ असे गुण दिले जातात, आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे मेंदूची गंभीर इजा. दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न रास्त असतो: तो शुद्धीवरच नाही, तर गुंगीचे औषध कशासाठी?

कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. सुजलेल्या मेंदूला पसरायला तिच्यात जागा नसते, त्यामुळे घशातल्या नळीने आलेला एक ठसकाही आतला दाब वाढवू शकतो. हा दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरच्या वर टिकून राहिला, तर उपचार करावे लागतात. गुंगीत मेंदूची प्राणवायूची गरज घटते, त्याबरोबर तिथला रक्तप्रवाह कमी होतो आणि दाब उतरतो.

मात्र गुंगी म्हणजे वेदनाशमन नव्हे. प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध झोपवते, दुखणे थांबवत नाही. म्हणूनच फेंटानिलसारखे वेदनाशामक आधी सुरू करावे, हा क्रम मला केवळ शास्त्राचा नव्हे, माणुसकीचाही वाटतो. ज्याला ‘दुखतंय’ असे म्हणता येत नाही, त्याचे दुखणे ओळखायचे कसे? परिचारिका कपाळावरच्या आठ्या, आखडलेले हातपाय आणि व्हेंटिलेटरशी होणारी झटापट पाहतात. मेंदूला इजा झालेल्यांत मात्र आठ्या उमटतीलच असे नाही; कधी कूस बदलताना डोळे एकाएकी उघडतात किंवा चेहरा लाल होतो, एवढीच खूण मिळते. म्हणून कूस बदलण्यापूर्वी किंवा नळीतला कफ ओढण्यापूर्वीच वेदनाशामकाची मात्रा देणे इष्ट.

औषधांचे धोकेही आहेत. प्रोपोफॉलने रक्तदाब घसरला, तर जखमी मेंदूला रक्त कमी पडते, आणि मोठी मात्रा दीर्घकाळ चालली, तर क्वचित हृदय व स्नायूंवर जीवघेणा परिणाम होतो. मिडाझोलम हे गुंगीचे दुसरे औषध शरीरात साठत जाते व जाग येणे लांबते. थायोपेंटोन हे गाढ गुंगी आणणारे औषध सहसा इतर उपायांना दाब बधला नाही तरच वापरतात.

सर्वांत अवघड निर्णय गुंगी थांबवण्याचा. गुंगीमुळे मेंदूची खरी अवस्था झाकली जाते, पण दाब चढलेला असताना ती काढून घेतली, तर तो आणखी भडकू शकतो. म्हणून दाब स्थिरावण्याची वाट पाहावी लागते. मग गुंगीचे औषध सोडणारा सिरिंज पंप थांबतो. हाकेला उत्तर आले नाही, तर डॉक्टर बोटाच्या नखावर पेन दाबतात. इतके दिवस जी वेदना टाळली, तीच आता मोजून, क्षणभर द्यावी लागते, आणि सगळ्यांचे डोळे रुग्णाच्या हातांकडे लागतात: दुसरा हात दुखऱ्या जागेकडे जातो, दाबलेला हात नुसता मागे ओढला जातो, की काहीच हलत नाही.